लॅपटॉपमधून तीन तऱ्हेचे आवाज येताहेत, यातला घाबरायचा कुठला?

अक्षरजुळणी_महाल

नमस्कार मंडळी. मी नागपुरात महाल भागात राहते आणि घरूनच टायपिंग-डीटीपीची कामं करते. पीएच.डी.चे प्रबंध, लग्नपत्रिका, मंडळांची माहितीपत्रकं, जे येईल ते. हाताशी एकच लॅपटॉप आहे, पंधरा इंची, एसएसडी (आत काहीच न फिरणारी नवी डिस्क) सर्रास मिळायच्या आधीचा, हार्ड डिस्कवाला. बॅटरी केव्हाचीच गेली आहे, चार्जर लावल्याशिवाय चालत नाही.

ऊन वाढलं तसे त्याच्यातून आवाज यायला लागले. एकच असता तर सरळ उचलून दुकानात नेला असता. पण हे वेगवेगळे आहेत आणि वेगवेगळ्या वेळी येतात. मला जसे ऐकू येतात तसेच लिहिते, म्हणजे जाणकारांना अंदाज येईल.

पहिला घर्रर्र. डाव्या बाजूने, जिथून गरम हवा बाहेर पडते तिथून. सकाळी नसतो. अकरा वाजता खोली तापली की सुरू होतो आणि मग कूलर लावला तरी लवकर उतरत नाही. सासूबाई शेजारच्या खोलीतून विचारतात, मिक्सर लावलाय का गं?

दुसरा घूंऽऽ. हा फक्त लाइट गेली आणि घर इन्व्हर्टरवर आलं की येतो. लाइट आली की लगेच बंद. नेमका कुठून येतो ते कळत नाही, टेबलाच्या आसपास असतो एवढं खरं.

तिसरा सगळ्यात हलका. टाइप करताना माझा उजवा तळवा जिथे टेकतो, बरोबर त्याच्या खाली. टक्… टक्… टक्, मग एक बारीक किर्र, मग शांत. कूलर चालू असला तर कानाला ऐकूही येत नाही, तळव्याला जाणवतो. तो येतो तेव्हा कर्सर लुकलुकायचा थांबतो, वर्डची खिडकी पांढुरकी पडते, टाइप केलेलं काही उमटत नाही. थोडा वेळ गेला की अडकलेली सगळी अक्षरं एकदम धडाधड येतात आणि काम पुढे सुरू होतं.

एका दुकानात फोन केला. त्यांनी मशीन न बघताच सांगितलं की फॅन गेला, ठेवून जा. फॅन बदलायला माझी ना नाही. पण सध्या माझ्याकडे एका मॅडमचा मराठीतला प्रबंध आहे. तळटिपा, संदर्भसूची, परिशिष्टं, सगळं जुळवून झालंय, फक्त शेवटच्या दुरुस्त्या बाकी आहेत आणि विद्यापीठात जमा करायची तारीख जवळ आली आहे. त्यांनी नोकरी सांभाळून केलेलं काम आहे ते. माझ्या टेबलावर असताना त्याला काही झालं तर मला चालणार नाही.

तेव्हा दोन गोष्टी सांगा. कुठला आवाज कशाचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? आणि प्रबंध हातावेगळा होईपर्यंत मशीन चालवू की नको?

---

वर्धारोडकर

फॅनच आहे ताई. बेअरिंग कोरडं पडलं की असाच घरघरतो. खात्री करायची असेल तर चालू लॅपटॉप हातात उचला, एकदा डावीकडे कलता करा, एकदा उजवीकडे, एकदा उभा धरा. आवाज बदलला म्हणजे बेअरिंग. माझ्या लॅपटॉपचं असंच ओळखलं होतं, नवा फॅन टाकला आणि प्रश्न मिटला. बाकीचे दोन आवाज उन्हाळ्याचे असतील, पाऊस पडला की कमी होतील.

---

सोल्डरगन

ताई, आधी एक सांगतो. चालू लॅपटॉप कलता करू नका. वर्धारोडकर दादांची युक्ती खरी आहे, पण ती एसएसडीवाल्या मशीनला. तुमच्यात फिरती डिस्क आहे, आणि माझ्या मते ती आजारी आहे. तुमचा तिसरा आवाज वाचला म्हणून बेंचवरचं काम बाजूला ठेवून लिहून राहिलो. बर्डीवर लॅपटॉप दुरुस्तीच करतो, हा आवाज ओळखीचा आहे.

घर्रर्र मोठा आहे म्हणून दुकानवाल्यानं तोच धरला. फॅन बिघडला तर काय होईल? मशीन तापेल, हळू चालेल, फारच तापलं तर आपोआप बंद होईल. नवा फॅन टाकला की परत सुरू. टक्-टक्वाली वस्तू बंद पडली तर तुमच्या मॅडमचा प्रबंध घेऊन जाईल. तीनपैकी घाबरायचा आवाज तो एकच.

काहून म्हणता, ते सांगतो. लॅपटॉपच्या बहुतेक हार्ड डिस्कमध्ये चकत्या मिनिटाला ५४०० फेरे घेतात, म्हणजे सेकंदाला ९०. त्यांच्यावरून माहिती वाचणारं हेड चकतीला टेकत नाही, काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. माणसाचा केस साधारण ७०-८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून ती फट किती बारीक ते समजून घ्या. चालू असताना मशीन हलवू नका म्हणतो ते याच्यासाठीच. आता एखादी जागा वाचताच येत नसली तर हेड तिथं जातं, जमत नाही, मागं येतं, पुन्हा जातं. टक्, टक्, टक्. तोवर विंडोज डिस्कच्या उत्तराची वाट पाहत थांबतं, म्हणून कर्सर गोठतो आणि अक्षरं मागून धडाधड येतात. आवाज आणि अडकणं एकाच वेळी होऊन राहिलं, हाच पुरावा. नुसता एखादा टक् आला आणि कामात काही अडकलं नाही तर चिंता नाही. काम नसलं की डिस्क स्वतःच हेड बाजूला नेऊन ठेवते, त्याचाही बारीक टक् होतो.

म्हणून आता टायपिंग थांबवा. मशीन बंद करा. उद्या पहाटे, खोली थंड असताना सुरू करा आणि फक्त कॉपी करा. पहाटेच सांगतो त्याला कारण आहे. बऱ्याच लॅपटॉपना कंपनी ३५ अंशांपर्यंतच्या खोलीत चालवा म्हणते, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी घरातच तेवढं नाहीतर त्याहून जास्त असतं. २३ मे २०१३ ला तर नागपूरचा पारा ४७.९ पर्यंत गेला होता. फॅन आधीच अर्धवट चालतो, त्याच्या गरमीत डिस्कही भाजून निघते.

कॉपी करताना सगळी डिस्क एका झटक्यात ओढू नका. एखाद्या निकामी फोटोवर ती अडकून बसेल आणि प्रबंध मागं राहील. पहिले प्रबंधाचं फोल्डर, एका पेन ड्राइव्हवर. मग तेच स्वतःला ईमेल करा, म्हणजे दोन जागी झालं. मग बाकीची चालू कामं. मग तुमचे फाँट. हे डीटीपीवाले हमखास विसरतात. युनिकोड नसलेल्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेली पानं दुसऱ्या मशीनवर उघडली की अक्षरांच्या जागी भलतंच काहीतरी दिसतं. फाइल वाचली तरी काम वाचत नाही. पत्रिकांचे जुने फोटो, गाणी वगैरे सगळ्यात शेवटी.

कॉपी होईपर्यंत डिस्क दुरुस्तीचं कुठलंही सॉफ्टवेअर चालवू नका. डीफ्रॅग नाही, चेकडिस्क नाही, अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅनसुद्धा नाही. हे सगळे डिस्कचा कोपरा न् कोपरा वाचत सुटतात, आणि तिच्यात तेवढा दम राहिलेला नसतो.

सगळं बाहेर निघालं की मग तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते डिस्कच्या स्वतःच्या नोंदी वाचून दाखवतं. त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदलून टाकलेल्या जागा, सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे लटकून असलेल्या, सी६ म्हणजे तपासणीतही हाती न लागलेल्या. तिन्हींपुढे शून्य असलं तर मी चुकलो समजा.

आणि एक सांगा जी, लाइट जाते त्या क्षणी लॅपटॉप बंद पडतो का?

---

अक्षरजुळणी_महाल

दादा, तुमचं वाचलं आणि मशीन लगेच बंद केलं. आज पहाटे सांगितल्याप्रमाणे सगळं काढून घेतलं. प्रबंध पूर्ण निघाला. पेन ड्राइव्हवर आहे, ईमेलवर आहे, आणि मॅडमकडेही पाठवून ठेवला. त्यांच्या मशीनवर उघडून त्यांनी पहिलं आणि शेवटचं प्रकरण तपासलं, तळटिपा जागच्या जागी आहेत. फाँटचं बरं सांगितलंत, नाहीतर तेच राहिलं असतं. माझी बरीच जुनी कामं त्या जुन्या फाँटमधली आहेत.

एकाच फोल्डरवर अडकलं, जुन्या पत्रिकांची चित्रं होती. तिथे तोच टक्-टक् सुरू झाला, म्हणून मी कॉपी रद्द केली.

नंतर ते सॉफ्टवेअर लावलं. वर पिवळा चौकोन आला आणि त्यात कॉशन लिहिलंय. ०५ समोर सगळी शून्यं आहेत. सी५ समोर शून्यांच्या रांगेनंतर १८ आहे, सी६ समोरही १८.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर, हो, बंद पडतो. नेहमी नाही, पण लाइट गेली की बऱ्याचदा. त्या वेळी आतून खट् असा एक जोराचा आवाज येतो, तो लिहायचा राहिला.

घूंऽऽ कुठला तेही शोधलं. छापून उरलेल्या पत्रिकेच्या जाड कागदाची नळी केली, एक टोक कानाला आणि दुसरं टोक एकेका वस्तूजवळ. लॅपटॉपजवळ काही नाही. चार्जरची काळी डबी टेबलाखाली पडलेली असते, तिच्याजवळ नळी नेली तर स्पष्ट घूंऽऽ. नळी फॅनच्या जाळीजवळ नेली तेव्हा घर्रर्रमध्ये मध्येच एक खर् खर् असा घासल्याचा आवाजही ऐकू आला. नुसत्या कानाला तो वेगळा कळत नव्हता.

---

गोकुळपेठ_७८

ताई, अडकलेल्या फोल्डरसाठी एक उपाय आहे. डिस्क काढायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायची आणि रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची. सकाळी लगेच लावली तर थोडा वेळ चालते, तेवढ्यात कॉपी करून घ्यायचं. पूर्वी आम्ही असं करायचो.

---

सोल्डरगन

काका, हे पूर्वी चालायचं असं मीही ऐकलंय, पण ताईंनी करू नये. थंड डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव जमतं, आणि कूलरच्या खोलीत तर हवा आधीच ओली. या डिस्कला हवेचा दाब सारखा राहायला एक बारीक छिद्र असतं, ती पूर्ण हवाबंद नसते. आत ओल गेली आणि हेड त्याच्यावर फिरलं तर आज जे निघू शकतं तेही निघणार नाही.

ताई, पहिले तर प्रबंध निघाला, ऐकून फार बरं वाटलं. आता तुमचे आकडे. ते सॉफ्टवेअर सोळाच्या पद्धतीत आकडे दाखवतं, त्यामुळे तुमचा १८ म्हणजे एक सोळा आणि वर आठ, आपल्या रोजच्या मोजणीतले २४. चोवीस जागा वाचता येत नाहीत. हा आकडा एकदा वाढायला लागला की कुठं थांबेल सांगता येत नाही. या डिस्कवर आता नवं एक अक्षरही साठवू नका.

तो खट् तुम्ही सांगितला हे फार चांगलं केलं. लाइट जाते, बॅटरी मेलेली, इन्व्हर्टरला चालू व्हायला जो क्षण लागतो तेवढ्यात मशीनचा प्राण जातो. तेव्हा डिस्क आपल्या फिरत्या चकत्यांच्या उरल्यासुरल्या जोरावर वीज तयार करते आणि हेड ओढून सुरक्षित जागी आपटते. वाचवण्यासाठीची सोय आहे ती, पण रोजची नाही. नेहमीच्या पद्धतीने बंद होण्यापेक्षा यात हेडला कितीतरी जास्त मार बसतो. शिवाय त्याच क्षणी काही लिहिणं चालू असलं तर ती जागा अर्धवट लिहिलेली राहते आणि पुढं वाचता येत नाही. तुमच्या चोवीसपैकी काही तशाही असू शकतात.

बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस आणि नॉर्मल असं एक बटण असतं. ते बघा. नॉर्मलवर असलं तर यूपीएसवर करा, त्यात बदल लवकर होतो. आणि लॅपटॉपला नवी बॅटरी घ्याच. टंकलेखन करणाऱ्याला बॅटरी ही चैनीची वस्तू नाही.

घूंऽऽ चार्जरचा निघाला, ते बरोबरच आहे. घरच्या विजेची लाट गोलाईने चढते-उतरते. जुन्या किंवा स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी असते, पायरीसारखी एकदम वर, एकदम खाली. त्या धक्क्यांनी चार्जरमधल्या कॉइल थरथरतात. खात्री पाहिजे असेल तर वर पंखा बघा, इन्व्हर्टरवर तोही घुमत असेल. आवाजानं लगेच काही बिघडत नाही, पण चार्जर जास्त तापतो, तर टेबलाखाली कपड्यांत दाबून ठेवू नका. जळका वास आला किंवा हात लावता येईना तर काढून टाका. नवा इन्व्हर्टर घेणं झालं तर साइन वेव्हचाच, म्हणजे गोलाईच्या लाटेचाच घ्या.

---

हॉस्टेलवाला

धाग्यात घुसतोय, माफ करा. माझ्या नव्या लॅपटॉपमध्ये एसएसडी आहे, तरी पान वर-खाली सरकवलं की चीं असा बारीक आवाज येतो. आणि चार्जर लावून हेडफोन घातला की गुणगुण ऐकू येते, पत्र्याच्या झाकणावर हात फिरवला तर झिणझिण्या येतात. हेही डिस्कचं लक्षण आहे का?

---

सोल्डरगन

नाही. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, ती टक्-टक् करूच शकत नाही. चीं येतो तो प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या कॉइल आणि कपॅसिटरचा. पान सरकवलं की प्रोसेसर क्षणात जागा, क्षणात झोप, असं होत राहतं. विजेच्या त्या चढ-उतारानं ते भाग थरथरतात. कानाला त्रास होतो, मशीनला नाही. वॉरंटी असली आणि सहन होत नसलं तर दाखवून घ्या. झिणझिण्यांचं खाली कोणी वायरमन असतील तर सांगतील, मला ते अर्थिंगचं वाटून राहिलं.

---

इतवारी_वायरमन

अर्थिंगच आहे. चार्जर तीन पिनचा असेल तर तिसरी पिन बोर्डात फक्त नावाला असेल, मागं तार जोडलेली नसेल. जुन्या इमारतींत हे सर्रास दिसते. तार जोडलेली असली तरी उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडते आणि जमिनीशी संबंध तुटल्यासारखा होते. खड्ड्यात पाणी टाकायचं असते, आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये तर आठवणीनं. हॉस्टेलच्या माणसाला बोलावून फेज आणि अर्थमध्ये टेस्ट लँप लावून बघायला सांग. बल्ब पूर्ण उजेडात लागला पाहिजे. मिणमिणला किंवा लागलाच नाही तर अर्थिंग नाही. स्वतः उघडून बसू नको बाबू. दोन पिनचा चार्जर असेल तर मात्र थोड्या झिणझिण्या तशाही येते, त्याला अर्थच नसते.

ताई, तुमच्या घराचंही याच निमित्तानं बघून घ्या. महालातल्या जुन्या वाड्यांत वायरिंग किती जुनं निघेल सांगता येत नाही.

---

अक्षरजुळणी_महाल

इन्व्हर्टरच्या मागे बटण सापडलं, नॉर्मलवरच होतं. यूपीएसवर केलं. दुपारी लाइट गेली तेव्हा भावाचा कॉम्प्युटर चालू होता, बंद पडला नाही. पंख्याचंही खरं निघालं, तो खरोखर घुमतो, आजवर लक्षच गेलं नव्हतं. वायरमन दादा, अर्थिंग बघायला माणूस सांगितला आहे.

प्रबंधाच्या राहिलेल्या दुरुस्त्या भावाच्या कॉम्प्युटरवर करते आहे. आता लॅपटॉप दुकानात न्यायचा आहे. तिथे नेमकं काय सांगू? मला त्यांच्या भाषेत बोलता येत नाही आणि मागच्यासारखं न बघता काहीतरी ठरवून टाकतील अशी भीती वाटते.

---

सोल्डरगन

भाषा वगैरे काही लागत नाही ताई, या गोष्टी कागदावर लिहून न्या आणि समोर उभं राहून करून घ्या. एवढं काम समोर होऊ शकते, ठेवून जायची गरज नाही.

हार्ड डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसवायला सांगा. त्याच खाच्यात, त्याच स्क्रूंवर बसते. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल करून देतो म्हणतील, नाही म्हणा. नक्कल करायला ती डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावी लागेल, आणि तेच तिला झेपत नाही. नव्यावर विंडोज कोरं टाकून घ्या, फाइली आणि फाँट तुमच्याकडे आहेतच.

जुनी डिस्क परत मागून घ्या, दुकानात सोडू नका. एक तर तिच्यात लोकांचे प्रबंध आहेत. दुसरं, पत्रिकांचं ते फोल्डर खरंच पाहिजे असेल तर लिनक्सवर डीडीरेस्क्यू म्हणून साधन आहे. ते आधी सहज निघणारं सगळं काढून घेते, अवघड जागांना नंतर हात घालते, आणि कुठवर आलं याची नोंद ठेवते. तोवर डिस्क कोरड्या जागी ठेवा, सहज म्हणून लावून बघू नका.

फॅन लगेच बदलू नका, आधी उघडून दाखवा म्हणा. तुम्हाला नळीतून जे खर् खर् ऐकू आलं ते पात्यांत काहीतरी घासत असल्याचं असू शकते. फॅन आणि जाळीच्या मध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो, बाहेरून दिसत नाही, झाकण उघडल्यावर अख्खा उचलून निघतो. तो काढून ब्लोअर मारताना पातं काडीनं अडवून धरायला सांगा. हवेच्या झोतानं फॅन मोकाट फिरला तर चांगलं बेअरिंगही खराब होते. घाई असली की हे कोणी पाळत नाही, म्हणून आधीच बोला. सफाई झाल्यावर पातं बोटानं हलकं हलवून बघा. डगमगलं किंवा अडकत फिरलं तर फॅन बदला, नाहीतर राहू द्या. झाकण उघडलंच आहे तर थर्मल पेस्ट (प्रोसेसरची गरमी बाहेर जायला लावतात ती) नवी लावून घ्या. आणि बॅटरी.

घरी आल्यावर टेबल कूलरच्या सरळ झोतातून थोडं बाजूला घ्या. गार हवा खोलीत फिरू द्या, पण पाण्याचे तुषार मशीनवर नको.

---

अक्षरजुळणी_महाल

लिहून घेतलं सगळं. भावाला सोबत नेते, तो स्क्रू आणि डिस्ककडे बघेल, मी पात्याकडे. पत्रिकांचं फोल्डर काढायचंच आहे, त्यात एका बाईंच्या हातच्या वारली चित्रांचे स्कॅन आहेत आणि मूळ कागद त्यांच्याकडे राहिलेले नाहीत. दादा, एसएसडी बसली की ती डिस्क घेऊन बर्डीला तुमच्याकडेच येते. दुकान कुठे आहे ते मेसेजमध्ये कळवा.